व्हीव्हीटी अडकतं म्हणजे नेमकं काय होतं?

सकाळी चावी फिरवली की पहिले दोन सेकंद बॉनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट, मग शांतता. सिग्नलला गाडी उभी केली की आयडलिंग डुगडुगतंय, स्टिअरिंग थरथरतंय. खंबाटकी घाटात जिथे तिसऱ्या गिअरवर निवांत चढायची, तिथे दुसरा टाकावा लागतोय. ॲव्हरेज पंधरावरून बारावर. आणि मग एक दिवस डॅशबोर्डवर तो पिवळा चेक इंजिनचा दिवा.

माझ्या जुन्या पेट्रोल सेडानने चार महिन्यांत हे सगळं क्रमाने दाखवलं. स्कॅनर लावल्यावर कोड निघाला पी-००११. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, कॅम सेन्सर गेलाय." सेन्सर बदलला, पैसे दिले, तीन दिवसांनी दिवा परत हजर. नंतर जे सापडलं ते एका बोटाएवढ्या व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत होतं, आणि ते काढायला दहाचा पाना पुरला. पण तिथपर्यंत पोचायचं तर आधी व्हीव्हीटी, म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी यंत्रणा), हे प्रकरण चालतं कसं ते बघायला हवं.

इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला दारं असतात. हवा आणि पेट्रोल आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ही दारं कॅमशाफ्ट उघडते. तिच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्हला दाबतात आणि उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग दार बंद करते. कॅमशाफ्टला टायमिंग चेन फिरवते, आणि खाली पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा वर कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे ६००० आरपीएमला एकेक इनटेक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो.

आता दादरला संध्याकाळी लोकल पकडणाऱ्याला विचारा, तो डब्यात चालत जातो का? नाही, मागचा रेटा त्याला आत नेऊन टाकतो. अशा वेळी दार आणखी क्षणभर उघडं राहिलं तर अजून दोघंजण आत येतात. जास्त आरपीएमला हवेचं असंच होतं. तिला वेग असतो, म्हणून पिस्टन वर यायला लागला तरी ती आत घुसत राहते, आणि इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला बरा. दुपारी अडीच वाजता तो रेटा नसतो. कमी आरपीएमला दार तसंच उघडं ठेवलं तर वर येणारा पिस्टन आतल्यांनाच बाहेर ढकलतो. शिवाय उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी दारात आले की काय होतं ते आपण रोज बघतो. एक्झॉस्ट अजून मिटलेला नाही आणि इनटेक उघडला, अशी वेळ आयडलिंगला जास्त लांबली तर जळलेला धूर परत आत शिरतो आणि इंजिन धडपडतं.

म्हणजे दारं उघडण्या-मिटण्याची एकच ठरलेली वेळ सगळीकडे चालत नाही. जुन्या गाड्यांत इंजिनिअर मधली कुठलीतरी वेळ धरून तडजोड करायचे. ही वेळ चालत्या इंजिनात बदलायची सोय अल्फा रोमिओने १९८० मध्ये स्पायडरच्या अमेरिकी मॉडेलला दिली. बीएमडब्ल्यूने १९९२ मध्ये व्हॅनोस आणलं. आता साधी पेट्रोल हॅचबॅक घेतली तरी ही यंत्रणा बहुतेक वेळा असते. मारुती तिला व्हीव्हीटी म्हणते, ह्युंदाई व्हीटीव्हीटी, टोयोटा व्हीव्हीटी-आय. (होंडाचं व्हीटेक मुळात वेगळं आहे. तिथे कॅमचा उंचवटाच बदलला जातो. पण तेही ऑइलच्या दाबावरच चालतं आणि त्याच्याही व्हॉल्व्हची जाळी तुंबते, त्यामुळे होंडावाल्यांनी पुढचं वाचायला हरकत नाही.)

तर वेळ बदलते कशी? कॅमशाफ्टच्या टोकाला चेनचं दातेरी चाक असतं, आणि त्या चाकाच्या पोटात फेझर. झाकण असलेली एक वाटी डोळ्यांसमोर आणा. वाटीच्या बाहेरच्या कडेला दाते, त्यांना चेन फिरवते. वाटीच्या आत चार पाकळ्यांचं एक फूल बसवलंय, आणि ते फूल कॅमशाफ्टला घट्ट बोल्ट केलंय. वाटीला आतून आडोसे आहेत, त्यामुळे प्रत्येक पाकळीच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी मोकळी जागा राहते. एका बाजूच्या जागेत ऑइल दाबाने भरलं की फूल वाटीच्या मानाने थोडं पुढे सरकतं, व्हॉल्व्ह लवकर उघडतात. याला ॲडव्हान्स म्हणतात. दुसऱ्या बाजूला भरलं की मागे, म्हणजे रिटार्ड. वाटी आणि फूल फिरतात एकत्रच, फक्त एकमेकांच्या मानाने थोडे सरकतात. क्रँकच्या मापात ही सरक ४० अंशांच्या आसपास असते, गाडीगणिक कमी-जास्त.

इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब जातो आणि फूल वाटीत सैल लटकायला लागेल. म्हणून एक छोटी लॉक पिन त्याला एका जागी अडकवते. इनटेकच्या फेझरला बहुतेक वेळा पूर्ण रिटार्डला, एक्झॉस्टच्याला पूर्ण ॲडव्हान्सला. सुरू केल्यावर दाब आला की पिन मागे सरते. सकाळचा दोन सेकंदांचा खडखडाट पुष्कळदा हीच पिन झिजल्याचा किंवा खाचेत न बसल्याचा असतो. ऑइल पोचेपर्यंत पाकळ्या आडोशांवर आपटत राहतात.

कुठल्या बाजूला ऑइल सोडायचं ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. गॅरेजात त्याला ओसीव्ही किंवा नुसतं "व्हीव्हीटी सोलेनॉइड" म्हणतात. एका टोकाला विजेची कॉइल आणि कपलर (वायरचा प्लग), दुसऱ्या टोकाला खाचा पाडलेली धातूची नळी, आणि नळीत पुढे-मागे सरकणारा दांडा. तो स्पूल. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, कॉइलला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचं प्रमाण वाढवलं की स्पूल एका बाजूला सरकतो, कमी केलं की दुसऱ्या, आणि निम्म्याच्या आसपास ठेवलं की मध्यावर थांबून दोन्ही वाटा बंद करतो. मग फेझर आहे तिथेच धरून ठेवला जातो. स्पूल आणि नळी यांच्यातली फट माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. तेवढ्याशा फटीत डांबरासारखा चिकटा बसला तर काय होणार ते सांगायला नको.

कॅम सेन्सर आणि क्रँक सेन्सर यांचं काम फक्त बघायचं. कॅम हवी तेवढी सरकली की नाही ते ते ईसीयूला कळवतात. पी-००११ चा अर्थ इतकाच, की पहिल्या बँकेची (सिलिंडरांच्या रांगेची) इनटेक कॅम मागितल्यापेक्षा जास्त ॲडव्हान्स राहिली किंवा हुकूम नीट पाळत नाहीये. ईसीयूने २० अंश मागितले आणि ८ च मिळाले, किंवा शून्य मागितलं आणि कॅम १५ वरून हललीच नाही. का हलली नाही, ते कोड सांगत नाही. सेन्सरने खरी तक्रार केली आणि माझ्या गाडीत तक्रार करणारालाच बदललं गेलं. सेन्सर स्वतः गेला तर बहुधा पी-०३४० सारखा त्याचा वेगळा कोड येतो. पी-००१० म्हणजे कॉइल किंवा वायरिंग, तिथे मल्टिमीटर आधी. पी-००१२ म्हणजे कॅम रिटार्डला अडकली. पी-००१४ ही एक्झॉस्ट कॅमची तीच कथा. आणि पी-००१६ दिसला तर जरा घाबरा. कॅम आणि क्रँक यांचं आपसातलं नातंच बिघडलंय, म्हणजे चेन ताणली असेल किंवा दात सरकला असेल.

इनटेक ॲडव्हान्सला अडकली की आयडलिंग खराब, गाडी सिग्नलला बंद पडते, उशिरा सुरू होते. रिटार्डला अडकली की आयडलिंग गुळगुळीत, पण मधल्या आरपीएमला पिकअप नाही आणि ॲव्हरेज गेलं. माझ्या गाडीत दोन्ही होतं, आणि मी तेव्हा त्यामुळेच गोंधळलो. व्हॉल्व्ह पूर्ण अडकला नव्हता. तो आळशी झाला होता. घाटात ॲडव्हान्स व्हायला उशीर करायचा आणि खाली सिग्नलला आल्यावर परत फिरायलाही उशीर.

आता तपासणी. पहिला सुटा भाग मागवण्याआधी डिपस्टिक काढा. हे वाचून हसू येईल, पण ऑइल कमी असणं हेच पी-००११ चं कारण असल्याची उदाहरणं भरपूर आहेत. फेझर ऑइलवर चालतो. चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलच कमी असेल तर वळणावर, ब्रेकला, गरम आयडलिंगला दाब पडतो आणि फेझर ढिला पडतो. ऑइलचा लाल दिवा लागला नाही म्हणून निश्चिंत राहू नका. तो दाब अगदीच तळाला गेल्यावर लागतो, फेझरची उपासमार त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते.

मग ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. कॅमवर मधासारखी तांबूस झाक असेल तर चालेल. काळा, जाड, बोटाने खरवडता येईल असा थर असेल तर निम्मं निदान तिथेच झालं. झाकणाला आतून साईसारखा पिवळट फेस दिसला तर तो बहुधा रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांचा प्रसाद असतो. इंजिन पुरतं तापतच नाही, म्हणून ऑइलमधलं पाणी उडून जात नाही. मात्र कूलंटही कमी होत असेल तर ते हेड गॅस्केटचं लक्षण असू शकतं, तिकडे आधी बघा.

आणि ग्रेड. "जुनी झालीय, जाड ऑइल टाका, आवाज मरतो" हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहज मिळतो की लोक ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओततात. कार्बोरेटरच्या जमान्यात ते चालून जायचं. फेझरच्या बारीक वाटांतून थंड असताना जाड ऑइल वेळेत पोचत नाही, आणि ईसीयूचं सगळं गणित पुस्तकातल्या ग्रेडवर बेतलेलं असतं. ऑइल बदलल्यापासून लक्षणं सुरू झाली असतील तर ग्रेड आणि फिल्टर, दोन्हींवर संशय घ्या. चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो, तो इंजिन बंद असताना ऑइल खाली ओघळू देत नाही. स्वस्तातल्या नकली फिल्टरचा तो पडदा बसत नाही आणि रोज सकाळी कोरड्या इंजिनाचा खडखडाट ऐकावा लागतो. त्याला फेझर बदलणं हा भलताच उपाय.

सीएनजीवाल्यांसाठी दोन शब्द. सीएनजीवर ऑइल पेट्रोलइतकं काळं पडत नाही. डिपस्टिकवर सोनेरी दिसतं म्हणून दहा हजारांचं पंधरा-वीस हजार किलोमीटरपर्यंत ओढणारे मी बघितलेत. रंग साफ दिसला तरी उष्णतेने ऑइलचं रसायन बदलत असतं आणि ते चिकट होत जातं.

ऑइल ठीक असेल तर स्कॅनर. ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावायचा) आणि फोनवरचं ॲप बऱ्याचदा पुरतं, फक्त तुमच्या गाडीचा "मागितलेला कॅम कोन" आणि "प्रत्यक्ष कॅम कोन" ते दाखवतं का बघा. इंजिन गरम करा, कुणाला तरी शेजारी बसवून हे दोन आकडे बघायला सांगा आणि मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवा. निरोगी इंजिनात दोन्ही आकडे गळ्यात गळे घालून चालतात, फार तर क्षणभराचा फरक. माझ्याकडे मागणी २५ वर गेली तेव्हा प्रत्यक्ष आकडा ९ वर रेंगाळला होता, आणि मी ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागणी शून्य झाली तरी तो बराच वेळ १२ वर बसून राहिला. असा आकडा मागे रेंगाळत असेल तर ऑइल, जाळी किंवा व्हॉल्व्ह. आकडा एका जागी खिळला असेल तर व्हॉल्व्ह किंवा फेझर. आणि व्हॉल्व्हचा कपलर काढून टाकल्यावरही आयडलिंगला आकडा मूळ जागेवर येत नसेल, ठरावीक अंशांनी कायम सरकलेला दिसत असेल, तर चेनकडे वळा.

व्हॉल्व्हची एक परीक्षा मला फार आवडते, कारण तीत सगळी साखळी एका झटक्यात तपासली जाते. इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवा. ॲक्टिव्ह टेस्ट करणारा स्कॅनर असेल तर त्यावरून व्हॉल्व्ह पूर्ण चालू करा. नसेल तर मेकॅनिक कपलर काढून व्हॉल्व्हला थेट बॅटरीचे बारा व्होल्ट देतो, क्षणभरच, नाहीतर कॉइल जळेल. इंजिन लगेच धडपडलं किंवा बंदच पडलं तर आनंद माना. स्पूल हलला, ऑइल गेलं, फेझर सरकला, सगळं जिवंत आहे. काहीच फरक पडला नाही तर या तिघांपैकी कुणीतरी अडकलंय.

मग व्हॉल्व्ह बाहेर काढायचा. हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) कडेला किंवा टॅपेट कव्हरजवळ (त्याच्या वरच्या झाकणाजवळ), बहुतेक गाड्यांत एकाच बोल्टने बसवलेला असतो. इंजिन थंड हवं. भोवतालची धूळ आधी फुंकून आणि पुसून घ्या, कारण भोकात पडलेला एक खडा पुढच्या व्हॉल्व्हची हीच गत करेल. कपलर काढा, बोल्ट काढा, आणि पक्कड लावून ओढू नका. हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सैल करा, ओ-रिंग चिकटलेली असते. माझा व्हॉल्व्ह बाहेर आला तेव्हा नळीच्या खाचांवरची जाळी मला आधी दिसलीच नाही. जिथे बारीक तारांचे चौकोन असायला हवे होते तिथे काळी गुळगुळीत पट्टी होती. नखाने खरवडल्यावर जाळी आहे हे कळलं. त्यात नारिंगी सिलिकॉनचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडाही होता. कधीतरी कुणीतरी टॅपेट कव्हर बसवताना हात सैल सोडून सीलंट लावलं असणार.

कॉइलचा रोध मोजा. टोयोटाच्या कितीतरी इंजिनांत २० अंश सेल्सिअसला ६.९ ते ७.९ ओम असायला हवा. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधून घ्या. मग क्षणभर बारा व्होल्ट देऊन स्पूल बघा. टक् आवाज करून पूर्ण सरकला पाहिजे, आणि वीज काढली की पूर्ण परत आला पाहिजे. अर्ध्यावर थांबला तर कार्ब क्लीनर मारा, वीज द्या, पुन्हा क्लीनर, पुन्हा वीज. काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. स्पूलला सुई, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर लावायचा नाही. एक ओरखडा पडला तरी तिथून ऑइल गळत राहील आणि फेझर एका जागी धरवणार नाही. साफ करूनही अडखळत असेल, किंवा जाळी फाटली असेल, तर नवीनच घ्या. बसवताना ओ-रिंग नवी आणि तिला ऑइलचं बोट.

काही इंजिनांत जाळी व्हॉल्व्हवर नसतेच. आपल्याकडे २००३ पासून विकल्या गेलेल्या कोरोलाचं १.८ लिटर इंजिन घ्या. तिथे व्हॉल्व्हजवळच हेडमध्ये एक वेगळा बोल्ट असतो आणि त्याच्या मागे ही जाळी दडलेली असते. व्हॉल्व्ह दोनदा बदलूनही दिवा जात नाही अशा तक्रारीत ती कुणी उघडलेलीच नसते.

व्हॉल्व्ह चांगला, जाळी साफ, ऑइलचा दाब गेजने मोजून पुरेसा, तरीही कॅम हलत नाही, तेव्हा फेझर. इथून काम घराबाहेर न्यायचं. चेन कव्हर उघडावं लागतं, टायमिंगच्या खुणा जुळवाव्या लागतात, चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. चांगला मेकॅनिक फेझर फेकण्याआधी कॅमच्या ऑइलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा देऊन बघतो. दीड किलोच्या आसपास दाबाला लॉक पिन सुटून चाक हाताने सहज फिरायला हवं. अडकत, खरखरत फिरलं किंवा पिन सुटलीच नाही तर बदलायचा. नुसता धुऊन परत बसवलेला फेझर टिकल्याचं मी फारसं ऐकलं नाही. आणि कव्हर उघडलंच आहे तर चेन, तिला ताणून धरणारा टेन्शनर, गाइड बघून घ्या, मजुरी एकदाच पडते.

अमेरिकेत फोर्डच्या ५.४ लिटरच्या तीन-व्हॉल्व्ह इंजिनाची या बाबतीत मोठी बदनामी झाली. तिथे गरम आयडलिंगला फेझर ठोकायचे, लोक फेझर बदलायचे आणि आवाज पुन्हा यायचा, कारण दाब टेन्शनरच्या सीलमधून गळत होता. नवा फेझरही उपाशीच राहायचा.

इंजिन फ्लशबद्दल माझं मत वाईट आहे. पंधरा मिनिटांत सगळा गाळ सुटतो असं डब्यावर लिहिलेलं असतं, आणि भीती नेमकी तीच आहे. सुटलेली ढेकळं चेंबरमधल्या स्ट्रेनरवर (पंपाच्या गाळणीवर) जाऊन बसतात आणि पंपालाच ऑइल मिळेनासं होतं. साध्या भल्या ऑइलने दोनदा लवकर बदल करणं मला जास्त पटतं. जुन्या थराला हळूहळू विरघळू द्यायचं.

मी तेच केलं. व्हॉल्व्ह साफ, ओ-रिंग नवी, पुस्तकातल्या ग्रेडचं ऑइल, अस्सल फिल्टर, आणि कोड पुसून पुन्हा खंबाटकी. शेजारी बसलेला भाचा फोनवरचे आकडे मोठ्याने वाचत होता: "मामा, मागतोय बावीस, मिळतंय एकवीस." तिसरा गिअर पुरला. हजार किलोमीटरनंतर काढलेलं ऑइल तरीही काळंकुट्ट निघालं. त्यानंतर तीन हजारांनी काढलेलं मात्र तपकिरी होतं आणि जाळीचे चौकोन दुरूनही मोजता येत होते. सकाळचा खडखडाट अधूनमधून अजून ऐकू येतो, एखाद सेकंद. लॉक पिनची खाच झिजलीय, हे मला कळतं. चेनचं काम निघेल तेव्हा तिचाही नंबर लागेल.